पहिलं पान

थोरल्या जावेला धाकटीचा पहिल्यांदा राग आला तो एका काळ्या छतामुळे, असं सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. पण झालं तसंच.

त्याआधीची बारा वर्षं मजेत गेली होती. सासऱ्यांचा फोटो स्टुडिओ होता. गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणत आणि पुढे पुढे घरातलेही म्हणायला लागले. मास्तरांच्या हाताला कंप सुटला तेव्हा लग्नाचा कॅमेरा कुणी धरायचा असा प्रश्न आला. थोरल्या मुलाने महिनाभर धरून पाहिला. त्याच्या फोटोंत माणसांपेक्षा पंखेच जास्त यायचे. मग मास्तरांनी कॅमेरा थोरल्या सुनेच्या हातात दिला आणि मुलाला गाडी चालवायला बसवलं. ते सगळ्यांच्याच पथ्यावर पडलं.

कामाची एक रीत ठरलेली होती. लग्नाला दोन कॅमेरे जायचे. पहिला कॅमेरा जोडप्याच्या समोर. मामा-काकांना 'जरा बाजूला व्हा' म्हणायचा हक्क त्याचाच. दुसऱ्याने कडेकडेने फिरायचं. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच दिवशी आणलेले, आणि निघताना मास्तर दोन्ही अगदी सारखे लावून देत, घड्याळाच्या मिनिटापर्यंत. ओळखू यावेत म्हणून पट्ट्याला चिंधी बांधलेली होती, पहिल्याला लाल आणि दुसऱ्याला पिवळी. दुसऱ्या दिवशी सकाळी लाल चिंधीवालीने 'कचरा काढायचा', म्हणजे दोन्ही कॅमेऱ्यांचे फोटो बघून हललेले, डोळे मिटलेले, कुणाच्या तरी कोपराने भरलेले असे फेकून द्यायचे. उरलेले सगळे एकत्र मिसळून मास्तरांसमोर जात. कोणता कुणाचा हे ते विचारत नसत. त्यातून ते अल्बम निवडत आणि शेवटी एक फोटो पहिल्या पानासाठी बाजूला काढत. पहिल्या पानावर तो एकच, पानभर. मास्तरांना तोंडाने कौतुक करायची सवय नव्हती, 'बरं आहे' हा त्यांचा कळस. पहिलं पान हीच काय ती शाबासकी, आणि बारा वर्षं ती थोरलीकडे येत होती.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि धाकटी आली. आल्या आल्या तिने दुसरा कॅमेरा नवऱ्याकडून मागून घेतला. थोरलीला बरंच वाटलं. तिनेच तिला लेन्स पुसायला शिकवलं, कोणत्या काकू चिडतात आणि कोणत्या चारदा फोटो काढून घेतात तेही शिकवलं. धाकटी 'हो ताई, बरं ताई' करत मागे मागे फिरायची. अशी जाऊ मिळायला नशीब लागतं, असं थोरली माहेरी सांगून आली होती. ते वाक्य नंतर तिला फार जड गेलं.

तर ते छत. एका इमारतीच्या तळघरात लग्नाचा हॉल होता. खिडकी नाही, वर ठेंगणं छत, आणि मालकाने कुठल्या लहरीत कोण जाणे, ते पार काळं रंगवलेलं. वरून स्टेजवर जांभळे दिवे. थोरलीची सगळी हातोटी फ्लॅश छताकडे वळवण्यात होती. पांढऱ्या छतावर आपटून उजेड खाली येतो तेव्हा चेहऱ्यावर मऊ पडतो, हे तिने बारा वर्षांत घोटून घोटून बसवलेलं. इथे छताने उजेड गिळून टाकला. नवरीच्या डोळ्यांच्या जागी दोन खड्डे आले आणि नवरदेव जांभळा झाला. तिने फ्लॅश सरळ तोंडावर मारून पाहिला, तर पाहुणे पोलिसांनी पकडून आणल्यासारखे दिसायला लागले.

धाकटीने फ्लॅश काढून पिशवीत टाकला होता. ती एका खांबाला पाठ लावून उभी होती, श्वास रोखून, काहीही न करता. थोरलीला वाटलं, पोरगी दमली. दुसऱ्या दिवशी कचरा काढताना कळलं की ती दमली नव्हती. जिन्याच्या दारातून दिवसाचा जो काही उजेड खाली येत होता, त्यात नवऱ्या मुलाचे वडील एकटे वाकून बुटाची नाडी बांधत होते, आणि बांधता बांधता थांबले होते. फोटोत अंधारात येतात तसे खरखरीत दाणे होते, अंधार होता, पण त्या माणसाच्या मनात त्या वेळी काय चाललंय ते सगळं दिसत होतं. मास्तरांनी तो फोटो पहिल्या पानावर घेतला. वर म्हणाले, “बरं आहे.”

“सहज आला हो,” धाकटी म्हणाली.

त्या 'सहज'ने थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. शिव्या दिल्या असत्या तरी चालल्या असत्या. बारा वर्षं मान मोडून काम केलं, खांदा धरला, लग्नाच्या जेवणाची पंगत उठल्यावर थंड भात खाल्ला, आणि हिला सहज येतं. त्या दिवसापासून धाकटीचं काहीच तिला बघवेना. तिचं हसणं खुपायला लागलं, तिचं केस बांधणं खुपायला लागलं, ती चहात साखर कमी घेते हेसुद्धा खुपायला लागलं. तोंडाने मात्र ती 'छान गं, छान' म्हणत राहिली, आणि म्हणताना दात इतके आवळायची की संध्याकाळी कानशिलं दुखायची. पुढच्या सहा लग्नांत चार पहिली पानं धाकटीची झाली. थोरलीने ती बोटांवर मोजली होती.

मग तिने एक केलं. जिन्याखाली एक अडगळीची खोली होती, तिथे एकच मिणमिणता दिवा. दुपारी घर कलंडलं की ती कॅमेरा घेऊन आत शिरायची आणि दार लावून घ्यायची. तिथे एका खुंटीला हँगरवर नवऱ्याचा लग्नातला कोट अडकवला, वर डोक्याच्या जागी अॅल्युमिनियमचं पातेलं ठेवलं, आणि फ्लॅशशिवाय त्याचे फोटो काढायला लागली. पहिल्या दिवशी पन्नासातले एकोणपन्नास हलले. पन्नासावाही हललाच होता, पण जरा कमी. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने दार उघडलं, कोटाकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं.

“माझ्यापेक्षा बरा दिसतो का तो?” त्याने विचारलं.

“गप्प तरी बसतो,” ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

पण गप्प बसणाऱ्या पातेल्यावरून माणसं शिकता येत नाहीत, हे तिला लवकरच कळलं. मग नवऱ्यालाच तिथे स्टुलावर बसवलं, हातात पेपर देऊन. कोपर बरगडीला टेकवायचं, अर्धा श्वास सोडायचा आणि तिथे थांबून बटण दाबायचं, हे पंधरा दिवसांत जमायला लागलं. पुढच्या महिन्यात तिला उमगलं की माणूसही मधेमधे थांबतो. पान उलटायच्या आधी थांबतो, हसून झाल्यावर थांबतो, काही आठवलं की थांबतो. तेवढा क्षण धरला की अंधारातही फोटो हलत नाही. आणि एकदा दाराच्या फटीतून आलेली तिरीप नवऱ्याच्या हातातल्या पेपरवर पडली, आणि तो उजेड कागदावरून उठून खालून त्याच्या तोंडावर गेला. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण नवऱ्याचं तोंड असं दिसतं हे तिला माहीत नव्हतं. ती बराच वेळ बघत राहिली आणि मग नेहमीप्रमाणे सगळे फोटो पुसून बाहेर आली.

हे असं चार महिने चाललं आणि नवऱ्याशिवाय कुणाला पत्ता लागला नाही. लग्नात मात्र ती फ्लॅशच लावायची. धाकटीचं बघून केलं, असं म्हणायची सोय तिला कुणालाच द्यायची नव्हती. त्यामुळे झालं काय, की हात सुधारला तो फक्त त्या खोलीतल्या कोटाने आणि नवऱ्याने पाहिला. तिचा स्वतःचाही त्यावर विश्वास नव्हता. पातेल्याचे फोटो काय, कुणीही काढील.

अशात नणंदेचं लग्न ठरलं, आणि तेही त्याच काळ्या छताच्या हॉलमध्ये. होणारा नवरा तिला तिथेच कुणाच्या तरी लग्नात भेटला होता, त्यामुळे दुसरी जागा तिला चालणार नव्हती. मास्तरांनी दोन्ही सुनांना स्टुडिओत बोलावलं. त्यांचं बोलणं नेहमीसारखंच तोकडं होतं. घरचं लग्न आहे, दोघीही काढा. पहिला कॅमेरा कुणी धरायचा ते एकदाच ठरू दे. हिच्या अल्बमचं पहिलं पान जिचं, लाल चिंधी यापुढे तिची. त्यांनी हे हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं आणि चष्मा पुसायला घेतला. धाकटी खाली बघत होती, आणि तिला आनंद झालाय की भीती वाटतेय हे काही कळेना. थोरलीने आनंदच धरला.

लग्नाच्या दिवशी दुपारी हॉल तसाच होता, जांभळा आणि कोंदट. थोरलीने कधी नव्हे तो फ्लॅश पिशवीत टाकला. धाकटीने ते पाहिलं. लग्न नोंदणी पद्धतीचं होतं. सह्या व्हायच्या जरा आधी नणंद समोर आली, तिच्या केसांची पिन निसटत होती. थोरली या घरात आली तेव्हा ही अकरा वर्षांची होती. शाळेत जाताना तिच्या दोन वेण्या रोज थोरलीनेच घातल्या होत्या. तिने कॅमेरा पुढच्या रांगेतल्या खुर्चीवर ठेवला आणि पिन नीट खोचली. त्याच खुर्चीवर धाकटीही आपला कॅमेरा टेकवून पिशवीत काही शोधत होती. नणंद एकदम गळ्यात पडली. कानाशी म्हणाली, “वहिनी, आता वेणी कोण घालणार?” तेवढ्यात नोंदणी अधिकाऱ्याने हाक मारली, सगळे टेबलाकडे सरकले. थोरलीने खुर्चीवरचा कॅमेरा उचलला, टेबलासमोर जाऊन गुडघ्यांवर बसली.

आणि तिला काही दिसेना. डोळ्यांत पाणी भरलं होतं, ते थांबेचना. समोर कुणीतरी मोठं रजिस्टर उघडल्याचं तिला पांढरं पांढरं दिसलं, त्यावर वाकलेलं डोकं दिसलं. कोपरं आपोआप बरगडीला टेकली, श्वास अर्धा सुटला, आणि ती थांबली, दाबलं, थांबली, दाबलं. आठ-दहा वेळा. मग टाळ्या वाजल्या. गेलं सगळं, तिच्या मनात आलं. आपल्या हाताने आपण लाल चिंधी घालवली. नंतर पाणी प्यायला ती त्याच खुर्चीशी आली, कॅमेरा टेकवला, तोंडावर पाणी मारलं, परत उचलला. पण त्यानंतरचं तिला फारसं आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी उठायच्या आत थोरली स्टुडिओत येऊन बसली होती. फोटो आदल्या संध्याकाळीच दिराने कॉम्प्युटरवर घालून ठेवले होते, लाल फोल्डर वेगळं, पिवळं वेगळं. तिने पिवळं आधी उघडलं. हल्ली ती ते आधी उघडायची. दुखऱ्या दातावर जीभ जातेच.

पन्नास-साठ फोटो गेले आणि मग तो आला.

नणंद रजिस्टरवर सही करायला वाकली होती. पेन कागदाला टेकलेलं, पण अजून अक्षर उमटलेलं नाही. पांढऱ्या पानावरून उजेड उठून खालून तिच्या चेहऱ्यावर आला होता, छताचा आणि जांभळ्या दिव्यांचा मागमूस नाही. तिच्या मागे सासूबाईंचा, म्हणजे तिच्या आईचा, हात तिच्या पाठीपर्यंत येऊन थांबला होता, ठेवू की नको अशा बेतात. हे पहिलं पान होतं. मास्तर दुसरा फोटो बघणारसुद्धा नाहीत.

आणि तो काढला होता तिच्या जागेवरून. टेबलासमोरून, खालून, पहिल्या कॅमेऱ्याच्या जागेवरून. म्हणजे आपण रडत बसलो होतो तेव्हा ही मागून आली, आपल्या खांद्यावरून कॅमेरा घुसवला आणि काढला. माझी जागा, माझी नणंद, आणि फोटो हिचा. आता ही तोंड खाली घालून म्हणणार, सहज आला हो. थोरलीच्या कानातून वाफ जायची तेवढी बाकी राहिली. बारा वर्षांत तिने एकही चांगला फोटो कचऱ्यात टाकला नव्हता, ना आपला ना दुसऱ्याचा. मास्तर तिच्यामागे पुन्हा बघतही नसत ते याच भरवशावर. हे सगळं तिला आठवलं. आठवत असतानाच तिने तो फोटो कचऱ्यात टाकला. क्लिकचा आवाज झाला, तो नेहमीएवढाच होता.

मग तिने लाल फोल्डर उघडलं, पटपट, काम उरकायला. पाहुणे, निसटणारी पिन, आणि मग एक बाई. टेबलाच्या बाजूने काढलेला फोटो. बाई गुडघ्यांवर बसली आहे, कोपरं बरगडीला घट्ट, कॅमेरा डोळ्याला, आणि कॅमेऱ्याच्या खालून गालावर पाण्याची रेघ हनुवटीपर्यंत आलेली. ही बाई कोण, हे ओळखायला थोरलीला दोन क्षण लागले. मग तिला वाटलं, माझ्या कॅमेऱ्यात मी कशी? आणि मग तिने पट्टा पाहिला. गळ्यातल्या पट्ट्याला पिवळी चिंधी होती.

तिने एकदम खुर्ची मागे सरकवली. खुर्चीवर दोन कॅमेरे होते, सारखेच. तिने पिवळा उचलला होता, धाकटीच्या हाती लाल राहिला होता. नंतर आपण पाणी प्यायला गेलो तेव्हा धाकटीनेच ते मुकाट्याने बदलून ठेवले असणार. म्हणजे रजिस्टरचा फोटो धाकटीचा नव्हताच. डोळ्यांत पाणी असताना, काही दिसत नसताना, चार महिने कोटावर आणि पातेल्यावर राबलेल्या हाताने तो काढला होता. आणि तो इतका चांगला होता, की तो आपला असेल असं तिला क्षणभरही वाटलं नाही.

कचऱ्यातून फोटो परत आणायला एक क्लिक पुरला. फोटो जागेवर येऊन बसला. कुणाला काही कळलं नव्हतं, कुणाला काही कळणारही नव्हतं. लाल चिंधी तिचीच होती. तिला आनंद व्हायला हवा होता, पण मेली ती शरम आधी येऊन बसली होती, हलेचना.

दार ढकलून धाकटी आत आली, हातात चहाचे दोन कप. एक तिने थोरलीपुढे ठेवला आणि स्क्रीनकडे पाहिलं. तिथे रजिस्टरचा फोटो उघडाच होता.

“पाहिलात तुम्ही,” ती म्हणाली. “कॅमेरे बदलले होते, ताई. मला लगेच कळलं, पण तेव्हा हाक मारता येईना. हा तुमचा आहे.”

“कळलं मला.”

धाकटी उभीच राहिली. कपाचा कान तिने उगाच फिरवला. “एक सांगायचं होतं. काल येताना गाडीत मागे बसून मी हा बघत होते. मला असा कधी जमला नसता. बोट पुसायच्या बटणावर ठेवलं होतं मी. दोन सिग्नल जाईपर्यंत ठेवलं होतं.”

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदा नीट पाहिलं. डोळ्यांखाली काळं आलं होतं, म्हणजे हिचीही झोप नीट होत नसणार. “मग?”

“मग काही नाही. काढलं बोट.”

आता गप्प बसणं सगळ्यात सोपं होतं. थोरलीला ते कळत होतं आणि तरी तिच्याच्याने बसवेना. “मी पुसला होता,” ती म्हणाली. “आत्ता. दहा मिनिटं झाली. मला वाटलं तुझा आहे.”

चहावर साय धरायला लागली होती. बाहेर थोरलीचा नवरा गाडी धूत होता, पाण्याचा आवाज येत होता.

“माझाच असता,” धाकटीने हळू विचारलं, “तर परत आणला असतात?”

थोरलीने 'हो' म्हणायचं ठरवलं होतं. तोंडातून 'नाही' गेलं.

धाकटीने मान हलवली, आपला कप उचलला आणि बाहेर ओट्यावर जाऊन चहा प्यायली. रागावली नाही, रडली नाही. रागावली असती तर थोरलीला जरा सोपं गेलं असतं.

मास्तर अकरा वाजता आले. फोटो बघत गेले, रजिस्टरचा आल्यावर थांबले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. पुढचे उरलेले त्यांनी पाहिले ते आपलं रीत म्हणून. पहिलं पान हे, म्हणाले, आणि कुणी काढला ते न विचारता दोन्ही सुनांकडे आळीपाळीने बघितलं. “ताईंचा आहे,” धाकटीने सांगितलं. लाल चिंधी जिथे होती तिथेच राहिली.

“कचरा काढायचं काम मात्र यापुढे हिच्याकडे द्या,” थोरली म्हणाली.

मास्तरांनी विचारलं, का? लाल चिंधीवालीचं काम आहे ते. थोरलीने धाकटीकडे पाहिलं. धाकटी खाली बघत होती, आणि या वेळी तिला काय वाटतंय ते थोरलीने स्वतःच ठरवून टाकलं नाही. तिची नजर पक्की आहे, एवढंच तिने मास्तरांना सांगितलं. मास्तरांना ते पुरलं, की पुरलं असं त्यांनी दाखवलं.

पुढचं लग्न आठवड्याने झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी आत जाऊन बसली आणि तिने दार लोटून घेतलं. थोरली बाहेरच्या बाकावर लेन्स पुसत बसली. दारापलीकडून माऊसचा आवाज येत होता, क्लिक, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा क्लिक. बारा वर्षांत या बाकावर बसायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. प्रत्येक क्लिकला तिच्या मनात येत होतं, हा माझा गेला. तरी ती उठली नाही. हातातली लेन्स पुसून कधीच स्वच्छ झाली होती, ती तशीच पुसत राहिली.